घोड्याचा साज : शोभा किती, शास्त्र किती?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीवरून इंदापूर तालुक्यात शिरते. सणसरच्या मुक्कामानंतर बेलवाडीला पहिले गोल रिंगण होते आणि पुढे इंदापूर गावात दुसरे. त्या भागातील विद्यार्थ्यांना हे दृश्य नवे नाही. मध्ये पालखी, भोवती पताकावाले, टाळकरी, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि मोकळ्या ठेवलेल्या वाटेने दोन घोडे दौडत जातात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर साज असतो, पण स्वार नसतो. तो देवाचा घोडा. घोडे गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एकच गर्दी उसळते.

या गडबडीत सर्वांची नजर घोड्यांच्या वेगावर असते. आपण मात्र आज त्यांच्या अंगावरच्या वस्तूंकडे पाहू या. पाठीवर खोगीर, ते जागेवर राहावे म्हणून छातीच्या मागून, पोटाखालून आवळलेला तंग, स्वाराने पाय ठेवायच्या रिकिबी, तोंडात लगाम, खोगीर मागे घसरू नये म्हणून छातीवरून घेतलेला पेशबंद, आणि पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेली दुमची. शिवाय झूल, गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरू. यांपैकी कोणती वस्तू काम करते आणि कोणती नुसतीच मिरवते? आणि मिरवणारी वस्तू घोड्याला त्रास तर देत नाही ना?

रिंगण ही काही स्पर्धा नव्हे. पण घोड्यांच्या स्पर्धा आणि प्रदर्शनेही आपल्याकडे होतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. इंदापूरहून पलीकडे गेले की अकलूज, तेथेही घोडेबाजार भरतो. अशा ठिकाणी घोडा सजवून, चालवून, नाचवून दाखवतात. इंग्लंडमध्ये तर घोडा ‘दाखवण्याचे’ वेगवेगळे वर्गच असतात, आणि कोणत्या वर्गात कोणता साज चालेल याचे संकेत ठरलेले असतात. शिकारीच्या कामाच्या दणकट घोड्याला रुंद, साध्या चामड्याचा लगाम हवा. कपाळपट्टी रंगीत चालत नाही. नाजूक बांध्याच्या, फेरफटक्याच्या घोड्याला मात्र बारीक पट्ट्यांचा लगाम आणि रंगीत कपाळपट्टी शोभते. डोंगराळ भागातल्या देशी तट्टांची आयाळ वेणी न घालता मोकळीच ठेवायची. खोगीर असे निवडायचे, की घोड्याचा खांदा झाकला जाणार नाही. हे नखरे वाटतील. पण यातील बऱ्याच संकेतांच्या मुळाशी एक साधा विचार आहे. साज घोड्याच्या बांध्याला साजेसा हवा, आणि त्याने घोड्याची हालचाल अडता कामा नये.

खोगीरभरती

मराठीत निरुपयोगी भरताडाला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. सभेत उगाच जमवलेली माणसे, निबंधात उगाच घुसडलेली वाक्ये, सगळी खोगीरभरती! माझ्या मते या शब्दाने खऱ्या खोगीरभरतीवर फार मोठा अन्याय केला आहे. खोगिराच्या पोटात लोकर, केस, काथ्या किंवा चिंध्या ठासून भरतात, ती ही भरती. बाहेरून ती दिसत नाही. पण घोड्याची पाठ वाचते ती तिच्यामुळेच. कशी ते पाहू.

शाळेत तुम्ही शिकला आहात, की दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारा भार. पाण्याने भरलेली बादली पातळ तारेच्या कडीने उचलून पाहा, आणि मग त्याच कडीला रुमालाची जाड घडी गुंडाळून उचला. बादलीचे वजन तेच राहते, पण बोटांना होणारा त्रास निम्म्यावर येतो. आता समजा, स्वार ६० किलोग्रॅमचा आणि खोगीर १० किलोग्रॅमचे. एकूण भार ७० किलोग्रॅम. खोगिराच्या दोन्ही गाद्या मिळून १४०० चौरस सेंटिमीटर जागेवर नीट टेकल्या असतील, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम भार येतो. पण भरती दबून गोळे झाले असतील, किंवा खोगीर दुसऱ्याच घोड्याच्या मापाचे असेल, तर ते चार कोपऱ्यांवरच टेकते. हे चार कोपरे मिळून २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर भार होतो चौरस सेंटिमीटरला ३५० ग्रॅम, म्हणजे सातपट! हे झाले उभ्या घोड्याचे. दौडीत घोड्याची पाठ खालीवर होते, तेव्हा प्रत्येक उडीत काही क्षण स्वाराचा भार त्याच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास जातो.

कातडीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांतील रक्ताचा दाब अगदी थोडा असतो. बाहेरून जास्त दाब बराच वेळ पडत राहिला, की त्या चिमटल्या जातात, रक्त पुढे जात नाही आणि कातडी उपाशी पडते. बसून बसून पायाला मुंग्या येतात, तेव्हा आपण पाय हलवतो. घोड्याला खोगीर हलवता येत नाही. मग तेथे सूज येते, कातडी सोलते आणि जखम चिघळते.

याशिवाय पाठीची रचनाही ध्यानात घ्यायला हवी. घोड्याच्या बरगड्यांच्या साधारण १८ जोड्या असतात आणि त्यांच्या वर पाठीच्या कण्याचे मणके. खांद्याच्या वरचा जो उंचवटा दिसतो, तेथे मणक्यांची उंच टोके कातडीच्या अगदी जवळ असतात. त्या टोकांवर भार मुळीच पडू नये. म्हणून चांगल्या खोगिराला कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र गाद्या असतात आणि मधून आरपार मोकळी नाळ असते. स्वार बसल्यावर मागे उभे राहून त्या नाळेतून पाहिले, तर पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

आणखी एक गंमत. घोड्याला गळपट्टीचे हाड, म्हणजे आपल्या गळ्याखाली आडवे असते ते हाड, नसतेच! त्याचे पुढचे पाय धडाला हाडांनी जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीने बांधलेले असतात. पाय पुढे टाकला, की खांद्याचे रुंद चपटे हाड मागे सरकते. खोगीर फार पुढे ठेवले, तर प्रत्येक पावलाला ते हाड खोगिरावर आपटते आणि घोडा आखूड पावले टाकू लागतो. प्रदर्शनात परीक्षक खांदा मोकळा दिसणारे खोगीर पसंत करतात, याचे इंगित हेच. खांदा मोकळा असला, की तो दिसतोही चांगला आणि हलतोही चांगला.

खोगिराखाली काय घालावे? आजकाल चकचकीत कृत्रिम धाग्यांच्या गाद्या मिळतात. पण बारामती-इंदापूरच्या मेंढपाळांच्या घरी याहून चांगली वस्तू पडलेली असते, ती म्हणजे घोंगडी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. अंगावर टोचते म्हणून तुम्ही नाक मुरडत असाल. पण त्या राठपणामुळेच ती दबूनही पुन्हा उसळते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घोड्याला घाम फार येतो. त्या घामात साबणासारखा फेस आणणारे एक प्रथिन असते, म्हणून खोगिराच्या कडेला पांढरा फेस दिसतो. असा घाम घोंगडीत जिरतो. फक्त तिची घडी सुरकुतीशिवाय हवी आणि तीत कुसळ किंवा खडा नको. खरारा करून पाठ साफ केल्याशिवाय खोगीर चढवू नये, हा जुन्या पागांचा नियम त्यासाठीच होता. इंदापूर हे मालोजीराजे भोसल्यांचे गाव. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि साज आणणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पाठ सोललेला घोडा दोघांच्याही उपयोगाचा नसे. तलवार बोथट झाली, तर घटकाभरात धार लावता येते. पाठ बरी व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात.

तंगाचेही तसेच. दोरीचा बारीक तंग कातडीत रुततो. चार बोटे रुंद पट्टा हवा, आणि तो पुढच्या पायाच्या कोपरापासून चार बोटे मागे यावा. तंग आवळताना पुष्कळ घोडे चलाखीने अंग फुगवतात! म्हणून थोडे चालवून तंग पुन्हा तपासतात. पट्ट्याखाली दोन बोटे सपाट जातील इतपत तो सैल हवा.

तोंडातली तरफ

आता लगामाकडे वळू. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. निसर्गाने ती लगामासाठी ठेवलेली नाही, पण माणसाने तिचा उपयोग हजारो वर्षांपूर्वीच शोधून काढला. लगामाची सळई तेथे, जिभेवर आणि हिरडीवर टेकते. त्या ठिकाणी जबड्याचे हाड कडेला निमुळते असते आणि त्यावर फक्त पातळ कातडी असते. आपल्या नडगीवर खाटेची कड आपटली तर काय होते ते आठवा, म्हणजे या जागेची कल्पना येईल.

साध्या लगामात सळईच्या दोन्ही टोकांना कड्या असतात. दोर जेवढा ओढाल, तेवढाच ताण तोंडात पोचतो. दुसऱ्या प्रकारच्या लगामाला दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात आणि हनुवटीखालून एक साखळी जाते. ही चक्क एक तरफ आहे. समजा, सळईच्या वर दांडी ४ सेंटिमीटर आहे आणि खाली ८ सेंटिमीटर. खालच्या टोकाला १ किलोग्रॅमभार ओढ दिली, तर तरफेच्या नियमाप्रमाणे वरच्या टोकाशी बांधलेल्या साखळीवर २ किलोग्रॅमभार ताण येतो. आणि या दोन्हींचा समतोल राखण्यासाठी मधल्या सळईला हिरडीवर ३ किलोग्रॅमभाराने दाबावे लागते. कागदावर आकृती काढून हे गणित स्वतः करून पाहा. म्हणजे स्वाराच्या हातात एक आणि घोड्याच्या तोंडात तीन! कसलेल्या स्वाराला ही तरफ उपयोगी पडते, कारण तो बोटाच्या हलक्या इशाऱ्याने काम भागवतो. नवशिक्या हातात मात्र ती देऊ नये.

याहून वाईट प्रकार म्हणजे काटेरी लगाम. वरातीच्या आणि नाचाच्या घोड्यांना पुष्कळ ठिकाणी टोकदार खिळ्यांच्या सळया घालतात. घोडा मान वळवून फुरफुरतो, पाय उचलतो, आणि पाहणारे म्हणतात, “वा, काय तेज आहे!” ते तेज नसून वेदना असते. सळईखालचे क्षेत्रफळ खिळ्याच्या टोकाएवढे झाले, की दाब किती पटींनी वाढेल, हे आता तुम्हाला सांगायला नको. भारत सरकारने १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी जे नियम केले, त्यांतच काटेरी लगामाला बंदी आहे. आज इतक्या वर्षांनंतरही ते लगाम दिसतात, याची लाज वाटली पाहिजे. यात्रेत घोड्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लालसर लाळ गळताना दिसली, तर तिचे कारण तुम्ही ओळखू शकाल.

डोक्यावरच्या पट्ट्यांचे एक बारीकसे शास्त्र सांगून पुढे जाऊ. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोके एकमेकांना टेकतात. अशा घोड्याला कपाळपट्टी आखूड पडली, की ती कानांच्या मुळाशी घासते आणि घोडा सारखे डोके झटकतो. पण कपाळपट्टीला लावलेली सुताची झालर मात्र नुसती शोभेची नाही. घोडा चालला, की ती हलते आणि डोळ्यांवरच्या माश्या उडवते. शोभेतून काम साधले, तर आपली तक्रार नाही.

झुलीचे तसे नाही. वारीचे दिवस जून-जुलैचे, हवा दमट. दौडणाऱ्या घोड्याच्या शरीरात उष्णता प्रचंड निर्माण होते आणि ती मुख्यतः घाम वाळूनच बाहेर पडते. त्यावर टिकल्या लावलेल्या जाड कृत्रिम मखमलीची झूल टाकली, तर घाम वाळणार कसा? मिरवणुकीत चालण्यापुरती झूल ठीक. दौडीच्या वेळी मात्र ती हलकी, सुती आणि आखूड असावी.

स्वाराने काय घालावे?

फेटा, अंगरखा, कमरेला शेला आणि पायांत चुडीदार तुमान हा आपला जुना स्वारीचा पोशाख दिसायला रुबाबदार आहेच, पण अडाणीपणाने ठरलेला नाही. तुमान मांडीशी सैल असते, म्हणून पाय फाकवून मांड ठोकता येते. पोटरीशी घट्ट असते, म्हणून कापड चुण्या पडून रिकिबीच्या पट्ट्यात अडकत नाही. जोधपूरचे सर प्रतापसिंग १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले. त्यांच्या संघाच्या तसल्याच विजारी पाहून साहेबलोकांनी त्या उचलल्या आणि ‘जोधपूर’ हे विजारीचे नावच होऊन बसले. आज इंग्लंडमधील प्रदर्शनात स्वार लोकरी कोट, टाय, हातमोजे आणि उंच बूट घालतात, पण खाली विजार त्याच घराण्यातली. हातमोजेही दिखाऊ नव्हेत. घामाने ओला झालेला दोर उघड्या हातातून सटकतो. मोजा घर्षण वाढवतो.

पायातल्या वहाणेबद्दल मात्र कडक राहायला हवे. चप्पल घालून घोड्यावर बसू नये, मग ती कोल्हापुरी का असेना. पाय रिकिबीतून आरपार घुसला आणि स्वार पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. बुटाला बोटभर टाच असली, की पाय पुढे घुसत नाही. रिकीबही बुटापेक्षा सुमारे बोटभर रुंद हवी. अरुंद असली तर पाय अडकतो, आणि फारच रुंद असली तर सबंध बूट पार जातो. फेट्याचा लांब शेमला, सुटलेले उपरणे, हातातले कडे, या सर्व अडकणाऱ्या वस्तू होत.

आणि डोके? घोड्यावर बसलेल्याचे डोके जमिनीपासून साधारण २.४ मीटर उंच असते. तेथून पडलेली वस्तू जमिनीवर सेकंदाला जवळजवळ ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने आपटते. ती किती अंतरात थांबते यावर सगळे अवलंबून आहे. कठीण जमिनीवर समजा अर्ध्या सेंटिमीटरात थांबली, तर तिच्यावर वजनाच्या सुमारे ४८० पट बल येते. शिरस्त्राणातला फेस चिरडत चिरडत तीच टक्कर २ सेंटिमीटरांत थांबवतो. मग बल होते १२० पट. फेट्याचे पदरही थोडेफार चिरडतात, तलवारीच्या वाराला ते अडवीतही असत. पण पडताना फेटा निसटतो आणि नेमके डोके उघडे राहते. सराव करताना, शर्यतीत, उड्या मारताना हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राणच घालावे. फेटा समारंभाला आहेच.

भीमथडीचे तट्टू

आतापर्यंत मिरवणाऱ्या घोड्याविषयी बोललो. पण बारामती, इंदापूर, दौंड, फलटण या टापूत खरा घोडा कुठला म्हणाल, तर तो धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारा भीमथडी. थडी म्हणजे नदीकाठ; भीमेच्या काठचा तो भीमथडी. चार-साडेचार फुटांच्या आसपास उंची, काटक शरीर, कठीण खूर. मराठ्यांच्या घोडदळात अशाच दख्खनी तट्टांचा भरणा होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केलेली आहे. पावसाळा सरला, की मेंढपाळ कोकणाकडे वा इतरत्र चाऱ्यासाठी निघतात, तेव्हा पाल, भांडी, धान्य, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी एखादे पोर, असा सारा संसार या तट्टाच्या पाठीवर असतो.

त्याचा साज पाहा. लाकूड नाही, चामडे नाही, चकाकी नाही. पाठीवर घोंगड्यांच्या आणि गोणपाटाच्या घड्या, त्यावर दोन्ही अंगांना समतोल लोंबणारे ओझे. उजवीकडे ३० किलोग्रॅम आणि डावीकडे २० ठेवले, तर ओझे उजवीकडे कलंडते, तंग एका बाजूने रुततो आणि कण्यावरची घडी सरकते. म्हणून ओझे लादणारी बाई दोन्ही गाठोडी हाताने तोलून पाहते; तरीही एक जड वाटले, तर हलक्या बाजूला तांब्या किंवा तवा अडकवते. तरफेचा नियम तिला कोणी शाळेत शिकवलेला नसतो. १९६५ च्या त्याच नियमांत तट्टावर ७० किलोग्रॅमहून अधिक ओझे लादू नये असेही म्हटले आहे.

पुढच्या वेळी घोडा पाहाल, मग तो रिंगणातला असो, बाजारातला असो की वाड्याचा, साज उतरवताना जवळ जायला मिळाले तर एक गोष्ट करा. अर्थात मालकाला विचारून, आणि मागच्या पायांपासून दूर राहून. खोगिराखालची पाठ घामाने सारखी भिजलेली असेल, तर खोगीर नीट बसले होते असे समजा. मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर तेथे दाब इतका पडला की घामाच्या ग्रंथीही बंद पडल्या. आणि खांद्याच्या उंचवट्याजवळ काळ्या किंवा तांबड्या अंगावर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर त्यांना जन्मखूण समजू नका. कधीकाळी तेथे जखम झाली किंवा दाब पडला, केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या, आणि नंतर तेथे उगवणारा प्रत्येक केस पांढराच येत राहिला.